तारखेला जाणारी माणसं

संकटाकडं ‘योग्य दृष्टीनं’ बघा, असं आपल्याला सांगणारे पुष्कळ आहेत. पूर्वी कीर्तनात बुवा सांगायचे, मागच्या जन्मीचं फेडतोय. आता कॉलेजात, होस्टेलात पाहुणे येतात आणि सांगतात, विचार बदला म्हणजे आयुष्य बदलेल. भाषा नवी, माल जुनाच. दोघांचंही बोट आपल्याकडंच. शिष्यवृत्ती अडली? तुझी दृष्टी चुकली. जात ऐकून खोली भाड्यानं दिली नाही? तुझीच दृष्टी चुकली.

मी म्हणतो, दृष्टी पाहिजेच. पण संकट आणलं कोणी, हे बघणं तिचं पहिलं काम. दुष्काळ पडला तर आभाळाकडं बघू. वाटेवर काटे टाकले ते काही आभाळानं टाकले नाहीत. टाकणारा हात आहे. त्या हाताला तसं करू देणारी व्यवस्था आहे. हे दिसलं म्हणून भीती जात नाही. पण शरम जाते. आणि शरम गेलेला माणूस उभा राहू शकतो.

माझ्या गावची गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीतून मसणवट्याकडं जायची वाट एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावरनं होती. पिढ्यान्‌पिढ्यांची. मी आठवीत असताना त्यानं बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद केली. बापानं वस्तीतले चार जण घेतले आणि तहसील कचेरीत अर्ज दिला. त्याच आठवड्यात गावानं बहिष्कार टाकला. शेतातलं काम बंद. दुकानातलं मीठमिरची बंद. पिठाची गिरणी बंद. माय ज्वारीचं गठुडं डोक्यावर घेऊन शेजारच्या गावच्या गिरणीला जायची.

त्याच पावसाळ्यात आजी वारली. तिची तिरडी ओढ्यातनं न्यावी लागली, कमरेएवढ्या पाण्यातनं. वस्तीतली पोरं पेटली. आज कुंपणाला काडी लावायचीच, असं ठरलं. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, ‘‘जाऊ द्या रे, मेल्यावर माणसाला कसला आलाय रस्ता?’’ बाप म्हणाला, ‘‘मेल्याला नाय लागत. नेणाऱ्याला लागतो.’’ मग पोरांकडं वळला. ‘‘आज काटे जाळाल तर उद्यापासून आरोपी आपण. मंग रस्त्याचं कोण बोलणार?’’

काही पोरांनी त्याला भित्रा म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. पुढच्या तारखेला मजुरी बुडवून कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसला. पुढं प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं. बापाला लिहिता येत नव्हतं. तारखा मी माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. नऊ वर्षं हेच चाललं. साहेब रजेवर. वकील गैरहजर. साक्षीदार फुटला. पुढची तारीख. बाप घरी येऊन सांगायचा, ‘‘लिही.’’

याला धाडस म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायचं. आणि तसं म्हणायला मी महाडमुळं शिकलो.

महाड आपण २० मार्च १९२७ पुरतं वाचतो. पाणी प्यालो, इतिहास घडला, जयभीम. पण त्या तारखेच्या अलीकडचं आणि पलीकडचंही वाचा. १९२३ च्या बोले ठरावानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले होते. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. सगळं कागदावर. तो कागद खरा करायला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले. मग हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. मांडवात जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेलं. आपल्या माणसांत पलटणीत नोकरी केलेले जवान होते, मारायला ते कमी पडले नसते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

तिकडं सवर्णांनी दूध, दही, शेण, गोमूत्र घालून, १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं. इकडं दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं तर परिषदेला जागा मिळेना. एका मुसलमान गृहस्थानं जागा दिली. दुकानदार माल देईनात, शिधा बाहेरून आणला. बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरले आणि पायी महाडला आले. तोवर कोर्टाचा मनाईहुकूम निघाला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. मनाईहुकूम मात्र मोडला नाही. तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता माणसं परत फिरली.

हात न लावता परत फिरणं किती जड गेलं असेल? हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीनं आली होती. पण लढा सरकारशी नव्हता, पाणी अडवणाऱ्यांशी होता. बाबासाहेबांनी ते नीट ओळखलं होतं. समोरच्यानं ओढलं म्हणून त्याच्या सोयीच्या मैदानात ते उतरले नाहीत.

आणि पुढं दहा वर्षं खटला. १९३१ साली महाडच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला, समोरचे अपिलात गेले. १९३३ साली ठाण्याला हरले, हायकोर्टात गेले. तिथला निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. त्या दहा वर्षांत काळारामाचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ चा पुणे करार झाला. मे १९३५ मध्ये रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. आणि या सगळ्यात महाडची केस सोडली नाही.

हायकोर्टानं काय म्हटलं? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची चाल अनादि काळापासून होती, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. बघा, ‘पूर्वापार’ म्हणून जे आपल्या डोक्यावर बसलं होतं, त्याचा पुरावा मागितला तेव्हा तो सापडला नाही. पण पुरावा मागायला दहा वर्षं कोणीतरी तारखेला उभं राहावं लागलं.

आमची वाट नवव्या वर्षी मोकळी झाली. बैलगाडी जाईल एवढी नाही, तिरडी जाईल एवढी. पुढं बापाची तिरडी त्याच वाटेनं गेली.

बापाच्या वेळी नव्हतं असं आज हातात काही आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. स्मशानभूमी, पाणवठा, सार्वजनिक वाट वापरायला आपल्याला अडवणं हा आता त्या कायद्याखाली गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, तशी धमकी देणं, हाही गुन्हा आहे. कलम १५-अ प्रमाणं पीडिताला आणि साक्षीदाराला तपासाच्या, खटल्याच्या काळात प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळायची तरतूद आहे. किती जणांना हे ठाऊक आहे? किती साक्षीदार केवळ बुडालेल्या मजुरीपायी फुटतात?

आणि कायदा आला म्हणून निवांत बसता येत नाही. २० मार्च २०१८ ला, महाडच्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा कायदा ढिला केला. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टात संसदेनं दुरुस्ती केली. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते निर्देश मागं घेतले. रस्त्यावरची माणसंही लागली आणि कोर्टातलीही.

दोस्तहो, मोर्चाला आपण शेकड्यांनी जमतो. तिसऱ्या वर्षीच्या अकराव्या तारखेला मात्र फिर्यादी आणि त्याची म्हातारी आई, दोघंच बाकावर बसलेली असतात. समोरची पार्टी दहा माणसं घेऊन येते आणि त्या दोघांकडं नुसतं बघत राहते. केस तिथं मोडते.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना एवढं करा. आपापल्या भागात अशी जी प्रकरणं चालू आहेत, त्यांच्या तारखा वहीत लिहून आणा. कोणत्या तारखेला कोणाच्या शेजारी कोण बसणार, ते तिथंच ठरवू.

जयभीम.