दोन अक्षरी कमांड

युनिक्सवर 'यूएल' नावाची एक कमांड आहे. अंडरलाइनमधलं यू आणि एल, बस्स. १९७९ च्या बीएसडी युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ती पहिल्यांदा आली आणि आजही बहुतेक लिनक्सवर असते. काम काय, तर टर्मिनलवर अधोरेखित मजकूर दाखवणे. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी वेगळी कमांड? वर्डमध्ये कंट्रोल-यू दाबलं की झालं!

गंमत अशी की साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रेघ ठेवायला जागाच नसते. म्हणून जुन्या प्रोग्रॅम्सनी टाइपरायटरची युक्ती उचलली. अंडरस्कोर, मग बॅकस्पेस, मग अक्षर. हा बॅकस्पेस पुसत नाही, फक्त एक घर मागे नेतो. कागदावर दोन्ही ठसे एकावर एक बसतात. (आईने लग्नाआधी मराठी टायपिंगचा क्लास केला होता. तिला हे कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "मग दुसरं कसं करणार?")

स्क्रीनवर मात्र एका घरात एकच अक्षर मावतं, दुसरं आलं की पहिलं गेलं. यूएल हे त्रिकूट ओळखते आणि तुमच्या टर्मिनलला कळेल असा रेघेचा कोड पाठवते. ठशावर ठसा मारू शकणारं टर्मिनल असेल तर काहीच न करता फाइल तशीच पुढे सोडते. हा समजूतदारपणा मला फार आवडतो.

असो. मागे एका क्लायंटचे जुने रिपोर्ट नव्या डेटाबेसमध्ये न्यायचे होते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी बनवलेल्या टेक्स्ट फाइल्स. टीममधल्या नव्या मुलाने एक एडिटरमध्ये उघडली, तर काही रकमांमध्ये टोपीवालं चिन्ह आणि एच, टोपीवालं चिन्ह आणि एच. "कचरा आहे, उडवून टाकू?" 'कोल -बी' लावलं की सगळं साफ होतं आणि आकडे शाबूत राहतात, त्यामुळे त्याचं म्हणणं काही वावगं नव्हतं.

मी तीच फाइल यूएलमधून बघितली. पानावर दोन-तीनच रकमा अधोरेखित, आणि त्या बेरजा नव्हत्या. क्लायंटकडे अकाउंट्समध्ये एक काका आहेत, त्यांना फोन लावला.

"त्या होय? त्या पार्टीने मान्य केलेल्या नाहीत. वादातल्या."

"हे दुसरीकडे कुठे नोंदवलंय का, काका?"

"नाही हो. रेघ आहे ना!"

म्हणजे वीसेक वर्षांचे वाद फक्त बॅकस्पेसच्या भरवशावर उभे होते. सुदैवाने यूएलला 'आय' हा पर्याय आहे. त्यात रेघ अक्षराखाली न देता खालच्या स्वतंत्र ओळीत चिन्हांनी छापली जाते. ती ओळ स्क्रिप्टला वाचायला सोपी. चिन्ह ज्या रकमेखाली, तिच्यासमोर 'वादग्रस्त' कॉलममध्ये 'हो'. दोन दिवसांचं काम. मूळ फाइल्स मात्र मी हट्टाने जपून ठेवायला लावल्या.

डेमोच्या दिवशी काकांनी तो कॉलम नीट बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "प्रिंटमध्ये रेघ येईल ना?"

पीडीएफमध्ये घालून दिली.