आमचा उंबर

आमचे गाव फुलंब्री तालुक्यात आहे. आमच्या घरामागे एक जुना उंबर आहे. १९७२ च्या दुष्काळात सारे रान वाळले, पण हा उंबर हिरवा होता. त्याच्या पाल्यावर आमची गाय जगली, असे आजी सांगते. म्हणून आजी त्याला घरातलाच वडीलधारा समजते.

२०१७ साली १२,००० रुपये सरकारी अनुदान मिळून आमच्याकडे संडास झाला. त्याला दोन खड्डे आहेत. पाइप थोडा लागावा म्हणून पहिला खड्डा उंबरापासून चारच पावलांवर घेतला. दुसरा गोठ्याच्या बाजूला आहे.

गेल्या उन्हाळ्यात संडास तुंबला. आठ दिवस आई, आजी आणि मी अंधारात बॅटरी घेऊन बांधाकडे जात होतो. एकदा मोटारसायकलचा उजेड अंगावर पडला. आम्ही पटकन उठून उभ्या राहिलो. मला रडूच आले. घरी येऊन मी म्हणाले, "बाबा, तोडा तो उंबर!" आजी काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडीकाका आले. "लांब व्हा रे पोरांनो, आत विषारी वायू असतो," असे म्हणून त्यांनी चेंबरचे झाकण काढले व बराच वेळ तसेच उघडे ठेवले. पाइपाच्या तोंडात मुळांची जाड वेणी झाली होती! काका म्हणाले, "झाडानं पाइप फोडला नाही. आपलाच सांधा कच्चा. ओल लागली अन् मूळ केसासारखं आत शिरलं, मग वाढलं."

मला वेरूळची सहल आठवली. तिथे खडकाच्या फटीत पिंपळाची रोपे पाहिली होती. मूळ आधी फट शोधते, हे मला तेव्हा समजले नव्हते.

काकांनी चेंबरमधली वीट सरकवून पहिल्या खड्ड्याची वाट बंद केली आणि दुसऱ्याची उघडली. पाणी खळखळ निघून गेले. दुसरा खड्डा आहे, हे आम्ही पार विसरलो होतो!

पहिला खड्डा आता दीड-दोन वर्षे बंद राहील. आतल्या मैल्याचे खत होईल. पुढचा खड्डा उंबरापासून आणि हापशापासून लांब घ्यायचे ठरले आहे. खड्ड्याजवळ मी तुळस लावणार होते. आजी म्हणाली, "तिथं लावतात व्हय गं तुळस?" मग झेंडू लावला. त्याची मुळे खोल जात नाहीत.

उंबर आधी होता, संडास नंतर आला. तरी मी त्यालाच तोडायला सांगितले. याचे मला वाईट वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडे खड्डा खणताना आधी जवळचे झाड पाहा. ते जेवढे उंच वाढते, तेवढे तरी अंतर सोडा. आणि पाइपाचा सांधा पक्का करून घ्या.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी