तेजोच्या पैलतीरी : बारेइरूचे चार दिवस

पहिला दिवस : धक्का

लिस्बनमधील तेरेइरू दो पासो धक्क्यावरून सुटणारी प्रवासी बोट तेजो नदीचे खाडीसारखे रुंद पात्र सुमारे 20 मिनिटांत ओलांडून बारेइरूला लागते. सकाळी गर्दीचा लोंढा मात्र उलट, म्हणजे राजधानीकडे वाहतो, कारण हे आज प्रामुख्याने नोकरदारांचे उपनगर आहे. 2019 मध्ये लिस्बन महानगरातील सर्व 18 नगरपालिकांसाठी बोट, रेल्वे व बस यांचा 40 युरोंचा एकच मासिक पास सुरू झाल्याने हा प्रवास स्वस्त झाला. तथापि पोटासाठी नदी ओलांडण्याची ही रीत या गावात एवढी सर्वव्यापी पूर्वी नव्हती.

दुसरा दिवस : गिरण्या आणि भट्ट्या

गावाच्या काठावरील आल्बुरिकाच्या वाळूच्या पट्ट्यावर पवनचक्क्या आणि जवळच भरतीच्या गिरण्यांचे अवशेष आहेत. भरतीचे पाणी बांधलेल्या तळ्यात कोंडायचे आणि ओहोटी लागताच ते चाकांवर सोडून धान्य दळायचे, अशी या गिरण्यांची रीत होती. नगरपालिकेच्या हद्दीतील व्हाले द झेब्रू येथे राजाच्या भट्ट्यांत जहाजांसाठी ‘बिस्कोइतू’, म्हणजे दोनदा भाजून कोरडा ठणठणीत केलेला पाव, तयार होई. ज्या पोर्तुगीज भाषेने मराठीला ‘पाव’ हा शब्द दिला, तिच्या खलाशांची गोव्याकडे जाणाऱ्या महिनोन्महिन्यांच्या प्रवासातली शिदोरी अशीच असे.

तिसरा दिवस : रूळ आणि कारखाना

1861 मध्ये बारेइरूहून दक्षिणेकडे लोहमार्ग सुरू झाला, आलेंतेजू प्रांतातील बूच येथे येऊ लागले आणि बुचाचे कारखाने उभे राहिले. रूळ आणि नदी यांचा हाच संगम हेरून उद्योगपती आल्फ्रेदू दा सिल्व्हा यांनी 1908 च्या सुमारास ‘कुफ’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे रासायनिक कारखाने येथे उभारले, ज्यांत गंधकयुक्त खनिजापासून आम्ल आणि त्या आम्लापासून शेतीचे खत बनत असे. कंपनीने कामगारांना घरे, शाळा आणि धान्यभांडार दिले. पण भूक त्याने मिटली नाही, हे 1943 च्या संपाने आणि त्यानंतर गावात उतरलेल्या सशस्त्र दलाने दाखवून दिले.

चौथा दिवस : धुराड्यांनंतर

पोर्तुगालमधील हुकूमशाही उलथवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर, 1975 मध्ये, कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढील दशकांत बहुतेक उत्पादन थांबले. जुन्या आवारात आता लहान उद्योग, गोदामे आणि कलावंतांच्या कार्यशाळा आहेत, तर एका जुन्या वीजघरात औद्योगिक संग्रहालय आहे. पीठ, बिस्कोइतू, बूच आणि खत असा माल या काठावरून शतकानुशतके बाहेर जात राहिला. आता त्या जागी माणसे जातात. म्हणूनच बारेइरूची सुस्थिती बोटीच्या वेगावरून किंवा पासाच्या किमतीवरून ठरवता येणार नाही. सकाळच्या बोटीत न चढताही ज्यांची चूल पेटते, अशी किती घरे या काठावर आहेत, हेच तिचे खरे माप आहे.