कर्ता कोण?

माझी भाची गेल्या जूनपासून आमच्याकडे राहावयास आली आहे. पुण्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात ती शिकवते. ती काय शिकवते, हे आल्यागेल्याला सांगण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक! तेव्हा अवघड शब्द सोपे करून सांगणे हा माझा धंदा, अशी घरातल्यांची समजूत. प्रत्यक्षात तो पुष्कळदा बरोबर उलटा असतो, ही गोष्ट निराळी. तर तिच्या विषयाचे नाव ‘बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग’. ‘व्यवसाय-प्रक्रिया-प्रतिमानीकरण’ असा एक प्रतिशब्द मी करून पाहिला. तो ऐकताच समोरचे गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. तेव्हापासून मी एवढेच सांगतो की, कचेरीत, कारखान्यात किंवा इस्पितळात एखादे काम कोठे सुरू होते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, कोठे अडते आणि कोठे संपते, याचे चित्र काढायला ती शिकवते.

“म्हणजे ड्रॉइंगच्या बाई!” असे शेजारचे आजोबा म्हणाले. भाची हसली, पण तिने ते खोडून काढले नाही.

हे चित्र तसे साधे असते. बारीक वर्तुळ म्हणजे आरंभ, ठळक वर्तुळ म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम. जेथे ‘हो की नाही’ असा प्रश्न पडतो, तेथे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे चिन्ह, आणि या सगळ्यांना जोडणारे बाण. पण मला सर्वांत आवडले ते त्यातले आडवे पट्टे. पोहण्याच्या शर्यतीत प्रत्येकाला आपापली रांग आखून दिलेली असते ना, तसे. एक पट्टा कारकुनाचा, एक साहेबांचा, एक गिऱ्हाइकाचा. प्रत्येक कामाची चौकट कोणाच्या तरी पट्ट्यात बसलीच पाहिजे. अधांतरी चौकट चालत नाही.

या चित्रकलेच्या मूळपुरुषांपैकी एक अमेरिकेतला फ्रँक गिलब्रेथ. हा मूळचा गवंडी. एक वीट बसवताना होणाऱ्या अठरा हालचाली त्याने पाचांवर आणल्या, अशी त्याची ख्याती. १९२१ साली त्याने आणि त्याची पत्नी लिलियन हिने तिकडच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचे असे तक्ते मांडले. या जोडप्याला बारा मुले! त्यांपैकी दोघांनी १९४८ साली त्या घराविषयी लिहिलेले पुस्तक फार गाजले. १९२४ मध्ये फ्रँक वारल्यावर लिलियनने तो संसारही ओढला आणि हे कामही पुढे नेले. हे ऐकून माझी पत्नी म्हणाली, “बारा मुलांच्या आंघोळी आणि डबे सांभाळणाऱ्या बाईला तक्ते कोणी शिकवायला नकोत. नवरा तिच्याकडूनच शिकला असेल.” इतिहासकारांनी या शक्यतेचा जरूर विचार करावा.

गिलब्रेथनंतर अशा पद्धती पुष्कळ निघाल्या, आणि प्रत्येकाची चिन्हे वेगळी. जे चिन्ह एका कंपनीत ‘थांबा’, तेच दुसऱ्या कंपनीत ‘पुढे चला’. अखेर २००४ साली ‘बीपीएमएन’ नावाची एक सामाईक चित्रलिपी आली, २०११ मध्ये तिची दुसरी मोठी आवृत्ती निघाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मौज अशी की, या लिपीत सुरुवातीलाच पन्नासएक चिन्हे होती. पण २००८ साली दोघा संशोधकांनी लोकांनी खरोखर काढलेल्या आकृत्या तपासल्या, तेव्हा एका आकृतीत सरासरी नऊच निरनिराळी चिन्हे वापरलेली आढळली. मला याचे मुळीच नवल वाटले नाही. शब्दकोश केवढाही असो, माझे विद्यार्थी पेपरात ‘अत्यंत सुंदर’ आणि ‘मनाला भिडणारे’ या दोन शब्दांवर सगळे संतसाहित्य पार करतात.

कामाच्या चित्राप्रमाणे माहितीचेही चित्र असते. १९७६ साली पीटर चेन या शास्त्रज्ञाने त्याची एक पद्धत मांडली. ज्यांची नोंद ठेवायची त्या वस्तू किंवा माणसे चौकोनात आणि त्यांच्यातला संबंध चौकटच्या आकारात. ‘विद्यार्थी’ हा एक चौकोन, ‘पुस्तक’ हा दुसरा आणि मध्ये ‘नेतो’. (‘परत आणतो’ हा संबंध आमच्या ग्रंथपालांच्या मते फार दुर्मीळ आहे.) पुढे १९८३ साली चेननेच दाखवून दिले की, ही आकृती आणि वाक्याचे व्याकरण यांचे जवळचे नाते आहे. सामान्यनाम गेले चौकोनात, सकर्मक क्रियापद झाले संबंध, विशेषण हा वस्तूचा गुण आणि क्रियाविशेषण हा त्या संबंधाचा. हे ऐकले आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. “सर, या सकर्मक-अकर्मकाचा पुढे उपयोग काय?” असे मला वीस वर्षे विचारणाऱ्या मुलांना द्यायला अखेर एक उत्तर मिळाले होते, आणि तेही संगणकाच्या दुकानातून!

रात्री जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला भाची तिच्या वह्या तपासते, दुसऱ्या बाजूला मी माझ्या. तिचे विद्यार्थी चौकटीत नुसते ‘मंजुरी’ असे लिहितात. ती लाल पेनाने विचारते, “मंजुरी काय? मागायची, द्यायची की नाकारायची?” चौकटीत एक क्रियापद आणि एक कर्म हवे, ‘अर्ज तपासा’, ‘पावती द्या’ असे, हा तिचा आग्रह. हा केवळ मास्तरकीचा हट्ट नाही. मेंडलिंग, रायर्स आणि व्हॅन डर आल्स्ट या तिघा संशोधकांनी २०१० साली चांगल्या आकृतीचे सात नियम सांगितले, त्यांतला हा एक आहे. दुसरा असा की, चित्रात पन्नासांहून अधिक खुणा झाल्या की त्याचे तुकडे करावेत. हे नियम त्यांनी बसल्या बैठकीला रचलेले नाहीत. एका जर्मन कंपनीच्या संग्रहातल्या ६०४ आकृत्या या मंडळींनी तपासल्या होत्या आणि त्यांतल्या किमान ३४ मध्ये चुका सापडल्या होत्या. नमुना म्हणून जगापुढे ठेवलेला संग्रह तो! बाण वळून वळून अशा ठिकाणी पोहोचत की, तेथून पुढे जाताच येऊ नये.

विद्यार्थ्यांची दुसरी खोड म्हणजे त्यांच्या चित्रात सगळे सुरळीत पार पडते. अर्ज आला, तपासला, मंजूर झाला, संपले! “आणि नामंजूर झाला तर?” असे ती विचारते, तेव्हा मुले गोंधळतात. तरुण वयाला हे शोभूनही दिसते म्हणा.

मला मात्र या विद्येचे खरे मोल कळले ते आईच्या पत्रांमुळे.

वडिलांना जाऊन दोन वर्षे होत आली. ते शाळामास्तर होते. त्यांच्या मागे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायचे. अडचण एवढीच की, एका कागदावर तिच्या नावापुढे ‘बाई’ आहे आणि दुसऱ्यावर नाही. ही दोन अक्षरे चौदा महिने कचेऱ्यांतून फिरत होती. आईला पैशाची ददात नाही, पण ती म्हणे, “तुझं ते तुझं. हे त्यांनी माझ्यासाठी ठेवलेलं आहे.” आलेली पाच पत्रे तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. एका रविवारी भाचीने तो डबा मागून घेतला आणि मोठ्या कागदावर पट्टे आखले. शाळा, पहिली कचेरी, दुसरी कचेरी, बँक.

मी पत्रे वाचू लागलो. “आपले प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे.”

“कोणी केलं?” भाचीने पेन्सिल उचलून विचारले.

पत्रात ते नव्हते.

“त्रुटी आढळून आल्याने सदर प्रस्ताव परत पाठविण्यात आला आहे.”

“कोणाला आढळली? कोणाकडे पाठवला?”

तेही नव्हते. शेवटी तिने तळाशी आणखी एक पट्टा आखला आणि त्याच्या डोक्याशी नुसते प्रश्नचिन्ह काढले. पाच पत्रांतून अकरा चौकटी निघाल्या. त्यांतल्या सात त्या प्रश्नचिन्हाच्या पट्ट्यात जाऊन पडल्या.

मराठीत ‘आज सारखे गडगडते’ असे एक वाक्य आम्ही वर्गात शिकवतो. त्याला कर्ता नाही. कोण गडगडते? कोणी नाही, आपले गडगडते. या प्रयोगाला अकर्तृक म्हणतात. आभाळाच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण आईचे प्रकरण काही आभाळातून आपोआप सरकत नव्हते. ते कोणीतरी उचलत होते, कोणीतरी ठेवत होते. ‘करण्यात आले’ म्हटले की तो हात वाक्यातून नाहीसा होतो. चित्रात तसे करता येत नाही, कारण चौकट ठेवायला पट्टा लागतो. मी आयुष्यभर कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवले; पण त्या प्रयोगांच्या आड सत्तर वर्षांची एक बाई चौदा महिने उभी असू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले त्या कागदावर.

मात्र कर्ता लपवणारा दर वेळी लबाडच असतो, असेही मी म्हणणार नाही. ज्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्यावर दोष मात्र हमखास येतो, अशा माणसाला हे व्याकरण पावसातल्या छत्रीसारखे असते.

तो कागद घेऊन भाची आणि मी कचेरीत गेलो. टेबलामागे तिशीतला एक कारकून होता. प्रथम त्याने कपाळाला आठ्या घातल्या. तक्रार आली असे त्याला वाटले असावे. मग तो कागद वळवून त्याने सावकाश पाहिला आणि म्हणाला, “ताई, हे चुकलंय. असं होत नाही.” त्याने स्वतःचे पेन काढले आणि शाळेच्या चौकटीपासून एक लांब बाण मागे, अगदी पहिल्या वर्तुळापर्यंत ओढला. शाळेने त्रुटी दूर करून कागद पाठवला की, तो पुन्हा आवक टेबलावर नवा म्हणून नोंदला जाई. नवा क्रमांक, म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी! जुन्या क्रमांकाचे प्रकरण कपाटात त्या कागदाची वाट पाहत बसे आणि कागद दुसऱ्या गठ्ठ्यात आपल्या प्रकरणाची. आईचे असे दोनदा झाले होते.

“हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारले.

“टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे, सर. असं काढून कोणी विचारलं नव्हतं.”

शाळेचा दाखला आवकेत न टाकता त्याच्याकडे आणावा, तो जुन्या क्रमांकालाच जोडतो, असे त्याने सांगितले. जाताना त्या चित्राची एक प्रत मागून घेतली. साहेबांना दाखवीन म्हणाला. दाखवली की नाही, ते मी विचारले नाही. भाचीने मात्र मूळ कागद त्याच्या निळ्या बाणासकट वर्गात नेला. तिने आखलेले सगळे पेन्सिलीत आहे आणि ज्याच्यामुळे उलगडा झाला तो बाण शाईत आहे, हे तिने मुलांना दाखवले. आता सत्राच्या परीक्षेपूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने काम प्रत्यक्ष करणाऱ्या एका माणसासमोर आपली आकृती ठेवावी आणि त्याने केलेल्या दुरुस्त्यांसह ती आणून द्यावी, असा तिने नियम केला आहे. मुलांची कुरकुर आहे. टपाल-कचेरीत, रक्तपेढीत आणि वाण्याच्या दुकानात त्यांना तासन् तास उभे राहावे लागते.

नवरात्रात सहावे पत्र आले. ‘आपले कुटुंबनिवृत्तिवेतन मंजूर करण्यात आले असून थकबाकीबाबत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.’ आईने ते दोनदा वाचून घेतले, घडी करून डब्यात ठेवले आणि मला म्हणाली, “थकबाकीचं टेबल कोणाकडे आहे, ते त्या मुलाला विचारून ये. आणि जाताना त्याच्यासाठी थोड्या चकल्या घेऊन जा.”