ऐकलेली पुस्तके

गेल्या वर्षभरात चार चांगली पुस्तके आमच्या हाती लागली. ती वाचली असे म्हणताना मात्र जीभ अडखळते, कारण खरे सांगायचे तर ती आम्ही ऐकली. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. परंतु डोळ्याच्या मागच्या पडद्यालाच विकार जडला असल्याचे त्यानंतर उघडकीस आले. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. पानाचा समास दिसतो, अक्षर दिसत नाही. हायस्कुलात सदतीस वर्षे मराठी शिकविलेल्या माणसाला याहून कठीण शिक्षा ती कोणती?

उचगावचे आमचे घर पुस्तकांनी भरलेले आहे. एका बाजूला हमरस्त्यावरील वाहनांची घरघर, दुसऱ्या बाजूला गांधीनगरला कापडाचे गठ्ठे नेणारे टेम्पो, आणि मध्ये आमची तीन कपाटे. आमचा पुतण्या कोल्हापुरात कामाला जातो. तो येताना करवीर नगर वाचन मंदिरातून नवी पुस्तके घेऊन येतो. १८५० साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाने आमच्यासारख्यांच्या किती पिढ्या पोसल्या असतील! पण पुस्तक आणणारा मिळाला तरी वाचून दाखविणारा कोठून आणावा? पुतण्याला वेळ नाही, आणि नातवंडांची मराठी इंग्रजी शाळेत बेतास बात राहिलेली. दोन महिने पुस्तके टेबलावर तशीच पडून राहिली.

एके दिवशी संध्याकाळची जपमाळ झाल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मी वाचून दाखवू का? जमंल तसं वाचीन."

त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. प्रार्थनेचे पुस्तक आणि वर्तमानपत्रातील मथळे यांपलीकडे त्यांचे वाचन नाही, अशी आमची समजूत. बेचाळीस वर्षे त्यांनी या कपाटांवरची धूळ झाडली. आतले एखादे पुस्तक उघडून पाहावेसे त्यांना वाटले असेल काय, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. आम्ही थोडे संकोचूनच होकार दिला.

आरंभ झाला तो डॉ. जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राने. साहित्य अकादमीचा २०१४ चा पुरस्कार मिळालेला हा ग्रंथ आमच्याकडून राहून गेला होता. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तल्यावर आम्ही तो मुद्दाम मागविला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला तो आमच्या कोल्हापुरात. पण चार नगरांत कोल्हापूर नाही, याची चुटपुट कोणत्याही कोल्हापूरकराला लागणारच! शास्त्रज्ञ असूनही भाषा अत्यंत स्वच्छ, बडेजाव कोठेही नाही. मोरूमामा घरातल्या फळ्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवीत आणि भाचा ते सुटेपर्यंत त्याचा पिच्छा सोडीत नसे, हा भाग तर शिक्षकाने वहीत उतरवून ठेवावा असा. उत्तर न सांगता मुलाला प्रश्नापाशी सोडून देण्याची ही रीत सदतीस वर्षांत आम्हाला किती वेळा साधली, हे न सांगितलेलेच बरे. उत्तरार्धात परिषदा, प्रवास आणि माणसांची नावे यांची दाटी होते. तेथे ग्रंथ आवळला असता तर बरे झाले असते, असे आमचे मत.

वाचन अर्थातच रखडत चाले. बोट ओळीखाली ठेवून, जोडाक्षरापाशी थबकून. 'विश्वोत्पत्तिशास्त्र' या शब्दाला तर तीन वेळा हल्ला चढवावा लागला. आम्ही मधूनच दुरुस्ती करीत होतो, आणि आमचा सूर वर्गातला होता, हे आता आठवले की लाज वाटते.

दुसरे पुस्तक कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी. खोत आमच्याच जिल्ह्याचे. या कादंबरीस साहित्य अकादमीचा २०२३ चा पुरस्कार लाभला. धरणापायी गाव उठते, माणसे नव्या वसाहतीत जातात, आणि मागे राहिलेली म्हैस परत आणण्यासाठी एक माणूस त्या सोडलेल्या मुलखात शिरतो. कथानक एवढेच. पण जंगलात राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला माणसाळविण्यासाठी गेलेला माणूस यांच्या त्या झुंजीत विस्थापनाचे सगळे दुःख येते. विस्थापनावर पुष्कळ भाषणे आम्ही ऐकली. जनावराच्या डोळ्यांतून ते कोणी असे दाखविले नव्हते.

येथे एक नवल घडले. कादंबरीची भाषा आमच्या जिल्ह्यातील खेड्यांची. हीच भाषा आम्ही विद्यार्थ्यांच्या वह्यांतून लाल शाईने खोडीत आलो. ती भाषा कागदावर आली आणि सौभाग्यवतींचे अडखळणे थांबले. बोट ओळीखालून निघाले. गोठा, दावे, वैरण, रेडकू हे सारे शब्द त्यांच्या तोंडून असे निघू लागले की जणू त्या वाचीत नसून आपल्याच माहेरची हकिकत सांगत होत्या. त्यांच्या माहेरी चार म्हशी होत्या. म्हैस कान कसा टवकारते, ओळखीच्या हाताला कशी पान्हवते, हे त्या मध्येच थांबून आम्हाला समजावून देत. या खेपेस दुरुस्ती आमची होत होती.

विस्थापनाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या शेजारीच वळिवडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. सैबेरियाच्या दिशेने हद्दपार झालेली ही कॅथॉलिक माणसे करवीर संस्थानात येऊन राहिली. येथे त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होते. ती गेली, आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी आले. त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले. एकाच मातीने दोनदा परक्यांना पोटाशी धरले. 'रिंगाण' ऐकताना मनात आले, या माणसांनीही कोठेतरी एखादे जनावर दावे सोडून मागे ठेवलेच असेल.

तिसरा ग्रंथ फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. आम्ही अर्थात देवनागरी प्रत घेतली. हा ग्रंथ आम्ही पूर्वी परीक्षेसाठी चाळला होता आणि तो कठीण आहे, असे ठरवून मिटला होता. तो डोळ्यांनी वाचण्याचा ग्रंथ नव्हेच, हे आता उमगले. ओवी कानासाठी असते. सौभाग्यवतींना निम्मे शब्द कळत नव्हते, तरी जात्यावरच्या ओवीची चाल त्यांनी आपोआप लावली आणि अर्थ मागून चालत आला. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील देवळांतून हे पुराण असेच ऐकले गेले असेल. सगळे पुराण झाले नाही. रोज वीस-पंचवीस ओव्या अजून चालू आहेत.

आणि अखेरीस लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक सौभाग्यवतींनी स्वतः कपाटातून काढले. काढताना म्हणाल्या, "हे मी एकदा मागितलं होतं तुम्हाला."

आम्हाला आठवेना. मग त्यांनीच आठवण दिली. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही हे पुस्तक वर्गाच्या तयारीसाठी वाचीत असताना त्यांनी विचारले होते, यात काय आहे? आणि आम्ही हसून म्हटले होते, "तुला ते कळायचं नाही." त्या दिवसापासून त्यांनी पुस्तकाला हात लावला तो धूळ झाडण्यापुरताच.

१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील पहिल्या प्रतीच्या ग्रंथांत मोडते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. शाळेत न गेलेल्या, घरीच अक्षरे गिरवून शिकलेल्या एका बाईने ते सांगितले आहे, हेही सांगत आलो. त्या वाक्याचा अर्थ मात्र आमच्याच घरात उभा होता आणि आम्हाला तो दिसला नाही. डोळे तेव्हा शाबूत असूनही! वडिलांच्या सोवळ्याचे ते अतिरेकी वर्णन ऐकताना आम्ही दोघे पोट धरून हसलो. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारी लेखणी विरळा. पण १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, या प्रकरणापाशी वाचन थांबले. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी विचारले, "टिळकांनी तिला आधी विचारलं होतं का हो?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"चांगल्या कामाला निघालं तरी विचारावं माणसानं." एवढे बोलून त्या पुढे वाचू लागल्या.

टिळकांच्या श्रद्धेविषयी आम्हाला अतोनात आदर आहे. लक्ष्मीबाईंनी वियोगाची ती वर्षे सोसली, स्वतःच्या विचाराने १९०० साली ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात पुढे नेले, हे त्यांचे थोरपण. पण त्या रात्री आमच्या मनात टिळक नव्हते. उचगावला घर बांधायचे ठरले तेव्हा सौभाग्यवतींना आम्ही विचारले नव्हते. त्यांच्या वडिलांनी दिलेली म्हैस त्याच वेळी विकली, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्षमा मागितली. उतारवयात अशा गोष्टी बोलणे अवघड जाते. त्या म्हणाल्या, "आता काय त्याचं," आणि चष्मा पुसून वाचायला बसल्या. क्षमा मिळाली की विषय मिटविला, ते आम्हाला अजून ठाऊक नाही.

वाचकांना या चारही पुस्तकांची शिफारस आम्ही मनापासून करतो. सोबत एक विनंती आहे. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांनी यांतले एखादे पुस्तक घरातील अशा माणसाला वाचून दाखवावे, ज्याला ते कळणार नाही असे आपण गृहीत धरले आहे. आमचा क्रम उलटा लागला, म्हणून सांगतो. पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे, हे आता सौभाग्यवती ठरवितात. पुतण्याच्या हाती त्यांनी चिठ्ठी दिली आहे. तीत काय लिहिले आहे, हे आम्हाला दिसत नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही.