थांबलेल्यांची यादी

साहित्याची विद्यार्थिनी त्या काळ्या पडद्यासमोर बसून करते काय, हे होस्टेलवर सगळ्यांनी विचारून झालं. कारण साधं आहे. आपल्या मंडळाचे जुने ई-अंक संगणक विभागातल्या एका लिनक्स मशीनवर, कंटेनरमध्ये होते. साइट कधीपासून बंद होती, मशीन आता मोडीत निघणार होतं आणि आत नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आधी यादी हवी होती.

लॅबमधल्या दादांनी समजावलं. सिस्टिम कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. चूल वेगळी, कुलूप वेगळं, पाया मात्र एकच. आत अख्खी लिनक्स नांदते, पण कर्नल होस्टचाच.

‘एलएक्ससी-एलएस’ ही यादीची कमांड. दादांनी ती मुद्दाम आधी साध्या खात्यातून चालवायला सांगितली. काहीच आलं नाही. "बघ, ज्याच्या नावाने विचारशील त्याचेच दिसतात. रूटचे कंटेनर वेगळ्या फोल्डरात असतात," ते म्हणाले.

मग पुढे ‘सुडो’ लावलं, मागे ‘फॅन्सी’ हा पर्याय. तक्ता उमटला. तीन नावं. दोघांपुढे ‘रनिंग’. तिसऱ्यापुढे ‘स्टॉप्ड’, आयपी पत्त्याच्या जागी नुसती आडवी रेघ. तोच आमचा! ऑटोस्टार्टखाली शून्य होतं. म्हणजे मशीन कधीतरी बंद होऊन परत सुरू झालं, बाकीचे दोघे उठले, याला कुणी उठवलंच नाही.

डॉकरची ‘पीएस’ कमांड चालू असलेलेच दाखवते. थांबलेले हवेत तर जोडीला ‘ए’ द्यावा लागतो. ‘मशीनसीटीएल लिस्ट’सुद्धा चालू तेवढेच मोजते. अशा यादीवर भिस्त ठेवली असती तर आमचे अंक ‘नाहीतच’ ठरले असते.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांची नावं वाचतात. लहानपणी मी चुळबुळ करायचे, आणि आजीचं नाव आलं की गप्प व्हायचे. ती यादी का वाचतात, ते मला त्या तक्त्यापुढे जास्त कळलं.

कंटेनर सुरू केला. आत सीनियर्सच्या कविता होत्या, बेळगावातल्या घरांवरचे लेख होते, मराठीत लिहायचं की नाही यावरची भांडणं होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या.

पुढच्या संपादकांना एकच सांगणं: काय कुठे ठेवलंय आणि चावी कुणाकडे आहे, याची एक यादी वहीतही असू द्या.