वहीतील दोन रकाने

मागे शिरूरहून थोरल्या भावाचा फोन आला. "एकदा येऊन पोराशी बोल. तुझं ऐकेल तो." पुतण्या बी.एस्सी. झालेला, वय एकोणतीस. सहा वर्षे स्पर्धा परीक्षा देतो आहे. पोलीस भरतीत दोनदा थोडक्या गुणांनी हुकला.

रविवारी दौंडहून चौफुला-न्हावरे मार्गे निघालो. एस.टी.त बसून उपदेशाची जुळवाजुळव करीत होतो आणि माझी मलाच लाज वाटू लागली. बी.कॉम. झालो तेव्हा मीही वहीच्या पहिल्या पानावर 'बँक अधिकारी' असे लिहिले होते. चार वर्षे परीक्षा दिल्या आणि शेवटी दौंडला एका खाजगी संस्थेत कारकून म्हणून चिकटलो. सुरुवातीला नात्यातल्या लग्नांत कोणी "सध्या काय करता?" विचारील, या भीतीने जेवण उरकून मी मागच्या मागे निघून येत असे.

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी कांदा काढणीला गेल्या होत्या. पुतण्याने वही पुढे ठेवली. राज्यसेवा, फौजदार, तलाठी, रेल्वे. राज्यसेवेपुढे वयाचा आकडा होता ४३. मागासवर्गीयांसाठी २०१६ पासून ही मर्यादा आहे.

"काका, अजून चौदा वर्षं आहेत."

त्रेचाळीस हे माझे आजचे वय. सवलत आपल्या हक्काची आहे, पण ती अशी मोजलेली पाहून मी हादरलो.

वाचकहो, अशा वेळी बाबासाहेबांचे नाव घेऊन "अठरा तास अभ्यास कर" एवढेच सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मी त्याला बाबासाहेबांच्या नोकऱ्या सांगितल्या. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा मिळाली नाही. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळताच बसला. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. त्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत हिशेबनीसांच्या वर्गाला व्यापारी कायदा शिकवीत होते. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे ऐकून जरा अधिकच बरे वाटते! आपल्या तालुक्याच्या शिवेवर, कोरेगावच्या स्तंभापाशी ते १ जानेवारी १९२७ रोजी आले, त्याच मार्चमध्ये महाडला गेले, तेव्हाही घर चालवायला ही शिकवणी चालूच होती.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं, काका. मला फक्त पोस्ट पाहिजे."

उत्तर प्रामाणिक होते. मग मीही त्याला लग्नातून पळून येण्याची हकिकत सांगितली. कारकुनी मला पाच वाजता मोकळे करते, म्हणूनच इतकी वर्षे संध्याकाळी विहारात बसून मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि जात पडताळणीचे अर्ज भरू शकलो. हे माझ्या वहीत कधीच लिहिलेले नव्हते.

वहीच्या कोऱ्या पानावर मी दोन रकाने आखले. एकात नोकरी, दुसऱ्यात कशासाठी. त्याने दुसरा आधी भरला. 'आईची रोजंदारी बंद.' बराच वेळ पेन तसाच धरून राहिला आणि खाली लिहिले, 'गणित शिकवणे.' शेजारची पाच-सहा पोरे रोज त्याच्याकडे बसतात, हे मला दादाने तेव्हा सांगितले.

"मग बी.एड. करू दे की," मी म्हणालो.

"आणि भरती कुठंय?" दादाने विचारले.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी ठरले ते एवढेच, की रांजणगावच्या कारखान्यात काम पाहायचे, बी.एड.च्या फीपुरते पैसे साठवायचे आणि परीक्षा फक्त पुढच्या वर्षअखेरपर्यंत द्यायच्या. तारीख त्याने स्वतःच लिहिली.

दिवेलागणीला वहिनी आल्या. हातपाय धुऊन चहा ठेवता ठेवता त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मंग येत्या महिन्यापासून पगार येईल का?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

"बघतो आई," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या पाळीच्या वेळेला जातो."